गुऱ्हाळाच्या दिवसांतला मदरबोर्ड

गुऱ्हाळं सुरू झाली. परवा सकाळी खिडकी उघडली तर बावड्याच्या मळ्यांकडून तो वास आत आला. चुलवाणात जळणारी चिपाडं, काहिलीत उकळणारा रस, वर आलेली मळी आणि या सगळ्याला धरून बसलेलं पंचगंगेवरचं धुकं. या वासानं माणसं हळवी होतात. कुणाला मामाचा मळा आठवतो, कुणाला पानावर घेतलेला गरम गूळ आठवतो, कुणाचे डोळे भरून येतात. मला सम्मेद आठवतो. आणि त्याचं काहीतरी वाईट व्हावं, असं अगदी मनापासून वाटतं. चहाच्या आधी, दात घासायच्याही आधी.

जुन्या दिवसांबद्दल असं लिहू नये म्हणतात. गोड लिहावं, झालं गेलं विसरून लिहावं. मला नाही जमत. माझ्या त्या हिवाळ्यात गोड होता तो फक्त वास.

"एवढी वर्षं झाली गं, आता तरी सोड की," आई म्हणते. ती म्हणणारच. आमचं जैनाचं घर. दशलक्षण पर्व संपलं की क्षमावणी येते आणि मग बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, पायऱ्यांवर, फोनवर, रस्त्यात भेटेल त्याच्याशी हात जोडून एकच बोलणं चालतं: वर्षभरात काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा. मला तो दिवस आवडतो, खोटं नाही सांगत. ज्या शेजारणीचं मांजर माझ्या कुंड्या उकरतं तिला मी क्षमा करते. ज्या गिऱ्हाइकानं लॅपटॉपवर चहा सांडला आणि "आपोआप बंद पडला ओ" म्हणून सांगितलं, त्यालासुद्धा करते. संध्याकाळपर्यंत मन धुतल्यासारखं होतं. मग फोन वाजतो. सम्मेदचा मेसेज. जोडलेले हात, कमळाचं फूल, उत्तम क्षमा, आणि खाली त्याच्या दुकानाचा पत्ता, पर्वानिमित्त खास सवलत. अख्ख्या गावाला एकदम पाठवलेला. मी तो पुसून टाकते.

"त्याला दिली न्हाईस क्षमा?" आई विचारते.

"त्यानं मागितली कुठं? जाहिरात केलीय त्यानं," मी म्हणते.

आई पुटपुटत आत जाते. तिचं म्हणणं, एवढा राग धरून माझंच रक्त आटतं. कुठलं आटतंय! माझा राग चांगला खाऊन-पिऊन आहे. दर हिवाळ्यात थोडा जाडच होतो.

सम्मेद डिप्लोमाला माझ्या पुढच्या वर्गात होता. समाजातला, ओळखीतला, बोलण्यात साखर. कॉलेज संपल्यावर त्यानं शाहूपुरीत कॉम्प्युटरचं दुकान टाकलं आणि मला म्हणाला, "ये की त्रिशला, तुझा हात चांगला हाय." हात चांगला होताच, त्यात त्यानं काही नवीन सांगितलं नाही. दुकानात पुढं काचेचं काउंटर होतं, त्यावर नवे कीबोर्ड आणि माउस मांडलेले. मागं एक पडदा आणि पडद्याआड अरुंद खोली. तिथं माझं टेबल, सोल्डरिंग आयर्न, मल्टीमीटर, भिंग. गावभरचे बिघडलेले मदरबोर्ड तिथं यायचे आणि बरे होऊन पडद्याबाहेर जायचे. मी मात्र पडद्याबाहेर जायची नाही. पण पलीकडचं सगळं ऐकू यायचं.

"कोण करतंय ओ काम? नीट हुईल न्हवं?" गिऱ्हाईक विचारायचं.

"आत माणूस हाय की आमचा," सम्मेद सांगायचा. "एक नंबर कारागीर. पुण्यात शिकलाय."

पुण्यात शिकलाय! मी पुणं शाळेच्या सहलीत बघितलेलं, तेही बसच्या खिडकीतून, उलटीची पिशवी धरून. तो पुण्यात शिकलेला माणूस मी मनातल्या मनात उभा केला होता. त्याला मिशा होत्या, पोट होतं. माझ्या हातचं सगळं काम त्या मिशीवाल्याच्या नावावर जमा व्हायचं. एकदा मी सम्मेदला विचारलंच, "माझं नाव का सांगत न्हाईस रे?"

तो हसला. "पोरीच्या हातचं रिपेरिंग म्हणलं की गिऱ्हाईक पळतंय. तुला नावाशी काय करायचंय? काम मिळतंय न्हवं?"

मी परत टेबलावर वाकले. त्या वयात वाटतं, आपलं काम बोलेल. काम बोलत नाही हो. कामाला तोंड नसतं. तोंड काउंटरवर बसलेल्या माणसाला असतं.

त्या हिवाळ्यात, नुकतेच ऊस तुटायला लागले होते, एक मेलेला मदरबोर्ड दुकानात आला. प्रोसेसरच्या कडेची वीज साठवणारी नळकांडी, म्हणजे कॅपॅसिटर, फुगून बसलेली, एकातून तपकिरी रस गळलेला. बोर्डाचा मालक म्हणाला, फेकून द्या. सम्मेदनं तो भंगारच्या पेटीत टाकला. मी त्याला विचारून, दाखवून, पिशवीत घालून घरी आणला. "न्हे की. काय करणार हाईस त्या मढ्याचं?" हे त्याचे शब्द. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं त्याला ते आठवेनासे झाले.

मला तो बोर्ड नुसता जिवंत करायचा नव्हता, पळवायचा होता. आमच्या गावात तेव्हा ओव्हरक्लॉकिंगचं वेड आलेलं. कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त वेगानं चालवायचा. वेग वाढवणं सोपं, तो कुणीही वाढवतो. टिकवणं अवघड. आमच्याकडं नदीवरच्या मोटारी एकदम चालू झाल्या की घरातली ट्यूब लुकलुकायची, तसंच हे. प्रोसेसर जोरात पळायला लागला की वीज जास्त ओढतो, ओढ वाढली की व्होल्टेज खाली बसतं, आणि व्होल्टेज बसलं की सगळं यंत्र जागच्या जागी गोठतं. म्हणून खरं काम प्रोसेसरमध्ये नसतंच. ते असतं त्याच्या बगलेला बसलेल्या रेग्युलेटरमध्ये, जो प्रोसेसरला वीज मोजून मोजून पाजतो. लोक पळणाऱ्याचं नाव घेतात. पाजणाऱ्याचं कोण घेतंय!

मी आधी कॅपॅसिटर बदलले. रेग्युलेटरचे मॉसफेट, म्हणजे वीज सोडणारे-तोडणारे चपटे तुकडे, असे तापायचे की बोट टेकवता यायचं नाही, म्हणून उद्यमनगरातल्या एका कारखान्यातून ॲल्युमिनियमचे तुकडे आणले, घासून-पुसून त्यांच्या डोक्यावर बसवले. मग पेन्सिल. हे सांगितलं की लोक हसतात, पण खरं आहे. एका बारक्या रेझिस्टरवर साध्या मऊ पेन्सिलीनं गिरवलं की शिशातून थोडी वीज जायला लागते आणि बसणारं व्होल्टेज सावरतं. जास्त गिरवलं गेलं तर खोडरबरानं पुसायचं. मदरबोर्डवर खोडरबर फिरवणारी बावड्यातली पहिली बाई मीच असणार. पण पेन्सिलीची खूण दोन दिवसांत उडते. मला पक्कं काम हवं होतं, म्हणून शेवटी प्रीसेट लावला.

प्रीसेट म्हणजे बोटाच्या पेराहून लहान निळं डबडं, डोक्यावर पितळी स्क्रू. रेडिओचा आवाज वाढवायचं बटण असतं ना, त्याचाच धाकटा भाऊ. रेग्युलेटर एका तारेवरून सारखा विचारत असतो, किती व्होल्ट पोचले? त्या तारेवर हा प्रीसेट जोडायचा आणि त्याच्याकडून खोटं वदवायचं: कमी पोचले, अजून पाठव. स्क्रू जितका फिरवाल तितकं मोठं खोटं. केसाएवढी तार, मोहरीएवढा टाका. एकेक टाका मी श्वास धरून घातला. मी डावखुरी. डाव्या हाताला स्क्रू डावीकडं पिळणं सोपं जातं, म्हणून तारा अशा जोडल्या की डावीकडं फिरवलं की व्होल्टेज वाढावं. सगळ्या जगात उजवीकडं वाढतं आणि डावीकडं कमी होतं. पण तो बोर्ड मी जगासाठी करत नव्हते. स्क्रू टोकाला गेला तरी व्होल्टेज हाताबाहेर जाऊ नये म्हणून शेजारी आणखी एक रेझिस्टर लावतात, तोही लावला नाही. स्क्रू फिरवणार कोण, तर मी. आणि माझा हात मला ठाऊक होता.

थंडी हवी होती आणि थंडी पडली. पहाटे माडीवरची खिडकी सताड उघडून मी बोर्ड खिडकीच्या कट्ट्यावर मांडायची, गार वारं थेट त्याच्यावर यावं म्हणून. धुक्याला गुळाचा वास. लांबून उसाच्या ट्रॉलीवरच्या टेपचा आवाज. अण्णा, माझे वडील, कांबळं पांघरून जिन्यात उभे राहायचे आणि म्हणायचे, "त्या पाटीला हवा घालतीस आणि आम्हास्नी गारठून मारतीस की गं." मी वेग वाढवत जायची आणि मल्टीमीटरवरचा आकडा बघत बसायची. आधी तो बसायचा. मग थोडा कमी बसायचा. मग एका सकाळी तो बसलाच नाही. सकाळी लावलेली टेस्ट दुपारी चालू, उन्हं कलली तरी चालू. आई खालून ओरडली, "दिवस मावळाय लागला, जेवून घे, मागनं काय मिळायचं न्हाई!" आमच्यात अंधार पडल्यावर जेवत नाहीत. मी ताट घेऊन वर गेले आणि आकड्याकडं बघत भाकरी खाल्ली. आकडा जागचा हलला नाही. एवढा आनंद मला आयुष्यात फार थोड्या वेळा झालाय. माझ्या लग्नात झाला नव्हता.

आणि मग माती खाल्ली. बोर्ड सम्मेदला दाखवायला दुकानात घेऊन गेले.

त्यानं चालू करून बघितला आणि टेबलावर हात आपटला. "आयला त्रिशला! काटा किर्रर!" गावात संगणकवाल्यांचा मेळावा भरणार होता आणि त्यात ओव्हरक्लॉकिंगची स्पर्धा होती. "ऱ्हाऊ दे हितंच. आपण लावूया स्पर्धेत," तो म्हणाला. मला वाटलं, चला, पडदा सरकला एकदाचा. घरी जाताना सायकलवर मी गाणं म्हणत होते, वेडी कुठली.

काही दिवसांनी तो आमच्या घरी आला. माझ्याकडं नाही, अण्णांकडं. पुढच्या सोप्यात बसला, आईच्या हातचा चहा घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "अण्णा, पोरीला आता घरी बसवा. लोक नावं ठेवायलेत, एकट्या पोराच्या दुकानात दिवसभर बसती म्हणून. तुमच्या काळजीनं सांगतोय." अण्णा भला माणूस. पण समाज म्हणलं की ते लगेच मान डोलावतात. "बरं केलास सांगितलास," एवढंच म्हणाले.

मी बाहेर आले. "आणि माझा बोर्ड?"

"कुठला बोर्ड?" सम्मेद म्हणाला. "दुकानात झालेलं काम दुकानाचं असतंय."

"दुकानात न्हाई झालेलं. हितं झालंय, माडीवर."

"पार्ट कुठनं नेलतीस?" त्यानं बशीतला शेवटचा घोट घेतला. "जाऊ दे. पोरीच्या जातीला एवढा हट्ट बरा न्हवं." आणि जाताना आईच्या पाया पडला. पाया पडला! आई त्याला "सुखी ऱ्हा" म्हणाली. त्या आशीर्वादाचा मला आजही राग येतो. आईलाही मी ते अजून ऐकवते.

मी घरी बसले. गुऱ्हाळांचे दिवस भरात होते. नातेवाईक काकवी पाठवत होते, गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, येत होते, आईनं मला तिळाचे लाडू वळायला बसवलं. पाक हाताला चटके द्यायचा आणि मला बरं वाटायचं. एक-दोन स्थळं बघून गेली. मुलाकडच्यांनी विचारलं, मुलगी काय करते? अण्णा म्हणाले, घरीच असते. खोटं नव्हतं ते. खिडकीतून तो वास यायचा आणि मी लाडू वळता वळता सम्मेदच्या दुकानाला आग लागलेली बघायची, त्याच्या मोटरसायकलची चाकं निखळलेली बघायची, त्याच्या लग्नात त्याचा फेटा पडलेला बघायची. लाडू मात्र चांगले झाले, सगळ्यांनी नावाजले.

मग चौकात फ्लेक्स लागला. कोल्हापुरात फ्लेक्सशिवाय काही होत नाही. वाढदिवसाला फ्लेक्स, निवडीला फ्लेक्स, म्हशीनं शर्यत मारली तरी म्हशीचा फ्लेक्स. या फ्लेक्सवर गॉगल लावलेला सम्मेद होता. दोन्ही हातांत माझा बोर्ड. खाली लिहिलं होतं: 'स्वतःच्या हातानं घडवलेला बोर्ड घेऊन कोल्हापूरचा वाघ मैदानात!' फोटोत माझा निळा प्रीसेट दिसत होता. माझे ॲल्युमिनियमचे तुकडे दिसत होते. मी सायकलवरून उतरून त्या फ्लेक्सखाली उभी राहिले. जाणारी-येणारी माणसं बघायला लागली, कोण ही पोरगी, फ्लेक्सकडं बघून रडतीय की काय. रडत नव्हते. दात एवढे आवळले होते की जबडा दुखला. त्या गॉगलवर शेण फेकून मारावं असं वाटलं. जवळच म्हशी बांधलेल्या, शेणाची टंचाई नव्हती. पण शेण मारून फ्लेक्सवर माझं नाव थोडंच उमटणार होतं!

मला काय हवं होतं, ते तिथं उभं राहिल्यावर नीट कळलं. बक्षीस नको होतं. बोर्डसुद्धा नको होता, दुसरा केला असता. मला एवढंच हवं होतं की ज्या तोंडानं तो "आत माणूस हाय आमचा" म्हणायचा, त्याच तोंडानं त्यानं चारचौघांत माझं नाव घ्यावं. मोठ्यानं.

आता माझं स्वतःचं रिपेरिंगचं दुकान आहे. लोक नवे बोर्ड घेऊन येतात, व्होल्टेज पडद्यावरच वाढवतात, माउसनं, चहा पीत. जास्त झालं तर बोर्ड स्वतःच बंद पडतो आणि स्वतःला वाचवतो. चांगलंच आहे. मात्र असल्या शहाण्या बोर्डावर कुणाला कुणाचा सूड घेता येणार नाही. सूड हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. मुंगीला वाट देणारी माणसं आम्ही. भाजी निवडताना अळी निघाली तर आई ती अलगद उचलून बाहेर झाडावर सोडते. मीही सोडते. अळीनं माझं काय वाकडं केलंय?

परवा एका लग्नात सम्मेद दिसला. दुकान मोठं झालंय, पोटही. पंगतीत माझ्या मागच्या बाजूला बसून तो कुणाला तरी स्पर्धेचा तो जुना किस्सा रंगवून सांगत होता. "अहो, जिंकलोच होतो मी. पण त्या कार्यालयाची लाईट गंडली, काय करता!" माझा घास हातात राहिला. लाईट गंडली म्हणे. म्हणून हे लिहायला बसले. वास आला म्हणून नाही.

तर त्या हिवाळ्यातला तो मेळावा एका मंगल कार्यालयात भरला होता. आदल्या दिवशीच्या लग्नाचे हार अजून खांबांना लटकत होते आणि नवरा-नवरीच्या लाल सोफ्यांवर परीक्षक बसले होते. मागं भटारखान्यातून मसालेभाताचा वास येत होता. घरी मैत्रिणीचं नाव सांगून मी आले होते आणि काय करायचं ते ठरवून आले होते. बक्षिसाला त्याचं नाव पुकारलं की उठायचं आणि ओरडायचं. काय ओरडायचं ते सायकलवर घोकलं होतं. पुढच्या रांगांत जागा धरून बसले.

सम्मेद व्यासपीठावर आला. हातात माईक, कपाळावर गॉगल. "मंडळी, ह्या बोर्डातला एकेक टाका माझ्या हातचा हाय," तो म्हणाला. टाळ्या झाल्या. शिट्ट्या झाल्या. माझ्या शेजारचा माणूस मला म्हणाला, "गडी हुशार हाय बघा." मी त्याच्याकडं असं बघितलं की तो खुर्ची सरकवून बसला.

परीक्षकांत इचलकरंजीचे एक वयस्क गृहस्थ होते. ते म्हणाले, "असं करा. पयल्यांदा साध्या व्होल्टेजवर चालू करा, मग आमच्यासमोर हळूहळू वाढवा. म्हणजे लोकांनाबी कळंल, तुमचा रेग्युलेटर काय करतोय ते."

सम्मेदनं तोवर त्या स्क्रूला कधी हात लावलेला नव्हता. मी जिथं सोडला होता तिथंच ठेवून तो बोर्ड चालू करायचा आणि मिरवायचा. आता त्यानं खिशातून बारका स्क्रूड्रायव्हर काढला आणि कुणीही शहाणा माणूस करेल तेच केलं. चालू करायच्या आधी प्रीसेट अगदी कमीवर नेऊन ठेवायचा, हा आमच्या कामातला पहिला नियम. अगदी कमीवर म्हणजे पूर्ण डावीकडं. तो फिरवायला लागला. डावीकडं. फिरवतोय, फिरवतोय आणि लोकांकडं बघून हसतोय. मल्टीमीटर टेबलावरच पडला होता. एकदा टोकं लावून बघितली असती तर कळलं असतं. पण स्वतःच्या कामाची कोण शंका घेतो? आणि काम त्याचं स्वतःचं होतं ना, फ्लेक्सवर तसं छापलं होतं.

त्या भरलेल्या कार्यालयात पुढं काय होणार ते एकट्या मला माहीत होतं. "थांब" एवढंच म्हणायचं होतं. तो माझा बोर्ड होता. त्या पहाटा, ती उघडी खिडकी, अण्णांची कुरकुर, ताट घेऊन आकड्यासमोर बसलेली मी, सगळं त्या टेबलावर होतं. तोंड उघडलं असतं तर बोर्ड वाचला असता. आणि वाचलेला बोर्ड कायमचा सम्मेदचा झाला असता. मी ओठ मिटले. घाबरून नाही, विसरून नाही. ठरवून. घोकलेलं भाषणसुद्धा सोडून दिलं आणि हात मांडीवर ठेवून बसले, प्रवचनाला बसतात तशी.

त्यानं बटण दाबलं.

आवाज फार मोठा नव्हता. लवंगी फटाका उडावा तसा एक, मग लागोपाठ आणखी. मॉसफेट ओळीनं फुटले, एक ॲल्युमिनियमचा तुकडा उडून सोफ्यावर पडला, परीक्षक "अगं आई" करून उठले. करपलेल्या प्लास्टिकचा काळा धूर हारांपर्यंत चढला. प्रोसेसर तर आधीच गेला असणार. कुणीतरी धावत येऊन टेबलाखालची पिन उपटली.

मला कसं वाटलं? झकास वाटलं. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं आतून गार वाटलं. बोर्डाचं वाईट वाटलं का? वाटलं, नाही कसं. पण सम्मेदच्या तोंडाकडं बघितलं आणि ते वाईट वाटणं कुठल्या कुठं गेलं. गॉगल घसरून नाकावर आला होता आणि त्याला तो सावरायचंही सुचत नव्हतं.

इचलकरंजीचे गृहस्थ वाकून बोर्ड बघत होते. "स्क्रू कुठं नेऊन ठेवलता?" त्यांनी विचारलं.

"कमीवरच ठेवलता साहेब. पूर्ण डावीकडं," सम्मेद म्हणाला. माईक अजून त्याच्या हातातच होता, त्यामुळं त्याची धाप सगळ्यांना ऐकू येत होती.

"मग असं कसं झालं?"

"काय की साहेब."

"काय की म्हणजे? तुम्हीच केलाय न्हवं?"

मी खुर्चीतून कधी उठले ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी व्यासपीठाच्या पायऱ्यांपाशी उभी होते आणि सम्मेदची नजर माझ्यावर पडली. आधी त्याला कळलं नाही. मग त्यानं जळक्या बोर्डाकडं बघितलं, हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडं बघितलं आणि पुन्हा माझ्याकडं. मी बहुतेक हसत होते. त्याचा चेहरा तांबडालाल झाला आणि त्याचं भान सुटलं.

"त्रिशला!" तो ओरडला, आणि माईक तोंडासमोरच होता. "सांगायचं तरी होतंस की गं मला, स्क्रू उलटा फिरतोय म्हणून!"

भिंतींवरच्या सगळ्या कर्ण्यांमधून माझं नाव आलं. परीक्षकांनी सम्मेदकडं बघितलं आणि मग सावकाश मान वळवून माझ्याकडं बघितलं. पाठोपाठ सगळ्या रांगांच्या माना वळल्या.

"ज्यानं केलाय त्याला म्हाईत असतंय की," मी म्हणाले.